ढालीची चार नवी भोके

गुरुवारी सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना गजर वाजला आणि तो दुसऱ्यांदा वाजायच्या आत उल्हास देवस्थळीने बंद केला. शॉमबर्गमधल्या त्या घरात सकाळची कामे ठरलेली होती आणि ती ठरलेल्या क्रमाने होत. उल्हासने डाव्या हातात ब्रश धरून मोजून दोन मिनिटे दात घासले, दाढी केली, खाली येऊन चहाचे आधण ठेवले आणि त्यात आले किसले. सहा वीसला सुनेत्रा इस्पितळातल्या प्रयोगशाळेचा पांढरा कोट हातावर टाकून खाली आली. तिने रेडिओ लावला. दुपारी सत्तर अंश फॅरनहाइट आणि पश्चिमेचा वारा. साडेसहाला रुपाली आली. ती सतरा वर्षांची होती आणि आठच्या आत शक्यतो कुणाशी बोलत नसे. उल्हासने बशीभर फोडणीची पोळी खाल्ली, हात धुतले, डायरीत ‘शनिवार: गाडीचे तेल’ असे आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले आणि सहा चाळीसला तो गराजमध्ये गेला. तिथे खुंटीवरची ढाल उतरवून त्याने डाव्या हातावर चढवली, आणि पाणी तापवायच्या टाकीसमोर उभा राहून पुढची अकरा मिनिटे त्या टाकीपासून स्वतःचा बचाव केला.

“कोण जिंकलं?” तो परत आल्यावर सुनेत्राने विचारले. हा प्रश्न ती गेले सहा महिने रोज विचारत होती.

“बरोबरी.”

“चला, प्रगती आहे. मंगळवारी टाकी जिंकली होती.”

रुपालीने वाटीतून मान वर केली. “बाबा, नेबर्स कॅन सी यू.”

“मग हात हलव त्यांना,” उल्हास म्हणाला, आणि जेवणाचा डबा उचलून कामावर गेला.

चव्वेचाळीस वर्षांच्या, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या यंत्र अभियंत्याच्या घरात ढाल कशी आली, हे सांगायला हवे. त्याला कारण ड्वेन. ड्वेन उल्हासच्याच कारखान्यात खरेदी विभागात होता. उंची सहा फूट तीन इंच, आवाज मऊ, टेबलावर बेअरिंगच्या किमतींचे तक्ते. रविवारी मात्र हाच ड्वेन पोलादी शिरस्त्राण घालून गावाबाहेरच्या बागेत जाई. तिथे त्याच्यासारखी तीस-पस्तीस मोठी माणसे जमत आणि मध्ययुगातल्या सरदारांच्या रिवाजाने एकमेकांना झोडपत. ढाली प्लायवुडच्या असत, अंगावर जुन्या गालिच्याचे तुकडे शिवलेले असत, आणि तलवारी वेताच्या. सांगलीच्या शाळेत ज्या वेतापासून उल्हास सहा वर्षे पळत होता, त्याच्याकडे आता तो दर रविवारी वीस मैल गाडी हाकत स्वतःहून जात असे.

ड्वेन प्रथम आला तो एक तुटलेला पट्टा घेऊन. मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. ढालीच्या आतल्या बाजूचा चामडी पट्टा ज्या बोल्टने बसवला होता तो बोल्ट प्लायवुड फाडून बाहेर आला होता. उल्हासने मोठा वॉशर सुचवला, भार कसा पसरतो ते कागदावर काढून दाखवले आणि प्रत्यक्ष भार किती पडतो ते बघायला म्हणून रविवारी बागेत गेला. तिथे कुणीतरी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण ठेवले. ड्वेनने वेताने वरून एक हलकीशी टपली मारली. देवळातली घंटा आपण बाहेरून वाजवतो. ती आतून कशी ऐकू येत असेल याचा उल्हासला त्या दिवशी पत्ता लागला. तो हसू लागला. शिरस्त्राणात चेहरा कुणाला दिसत नाही हे लक्षात आल्यावर तो आणखी हसला, आणि घरी येईपर्यंत हसत राहिला.

हे हसू साधे नव्हते. लहानपणी कुठल्याही खेळात त्याला सर्वांत शेवटी, आणि तेही कुरकुरत, घेतले जाई. त्याने फेकलेला चेंडू यष्टींकडे निघून पंचाकडे पोहोचत असे. आपले आणि आपल्या शरीराचे बोलणे नाही, असा निष्कर्ष त्याने दहाव्या वर्षी काढला होता आणि कॅरमशिवाय कशालाही पुन्हा हात लावला नव्हता. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला एकदा, निदान एकदा, रीतसर मैदानात उतरायचे होते. जूनमधल्या स्पर्धेत, नाव पुकारल्यावर.

त्यासाठी बागेत जमणाऱ्या या मंडळाचा परवाना लागत असे. दोन पंचांसमोर स्वतःच्या ढालीने लढून दाखवायचे. जिंकलेच पाहिजे असे नाही, पण हातात शस्त्र आहे याची जाणीव असलेला माणूस दिसला पाहिजे. उल्हास नोव्हेंबरात नापास झाला. मार्चमध्ये पुन्हा झाला. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला वर्षभर अर्ज करता येत नसे. तिसरी चाचणी या रविवारी होती.

नापास होण्याचे खापर त्याने पट्ट्यांवर फोडले. अभियंता दुसरे काय करणार? हिवाळाभर त्याने ढाल धरण्याच्या सात मांडण्या करून पाहिल्या आणि प्रत्येकीची वहीत नोंद ठेवली. एक पट्टा कोपराजवळ आणि मूठ पुढे, ही रूढ मांडणी. हात ढालीला जखडल्यासारखा होतो, पण घाव पूर्ण हातावर विभागला जातो. तीच मांडणी, पण तिरकी, म्हणजे ढालीचा वरचा कोपरा आपसूक नाकापुढे येतो. मग गळ्यात अडकवायचा लांब पट्टा, खांद्यावर वजन घेण्यासाठी. त्याने वजन पेलले खरे, पण फेब्रुवारीत ड्वेनने ढालीला धक्का दिला तेव्हा ढालीबरोबर उल्हासही बर्फात गेला. शेवटी त्याने तिरकी मांडणी पक्की केली. कोपराच्या पट्ट्याखाली फोम, मुठीला सायकलच्या हँडलचे रबर, चार बोल्ट, चार मोठे वॉशर. ढाल देखणी झाली होती. तरीही ड्वेनचा घाव नेमका डाव्या मांडीवर बसायचा, आणि उल्हासचा घाव समोरच्याला, ड्वेनच्या शब्दांत सांगायचे तर, पोस्टाने यायचा.

शनिवारी दुपारी ड्वेनच्या परसात शेवटचा सराव होता. रुपालीला गाडी चालवण्याचा सराव हवा होता, म्हणून तिने बाबांना आणले आणि बर्फाच्या पेटीवर पुस्तक घेऊन ती बसली. ड्वेनने छपरीतून एक गोल ढाल बाहेर काढली.

“ही बघ,” तो म्हणाला. “पट्टा नाही, काही नाही. मध्यभागी भोक, भोकावर लोखंडी वाटी, वाटीमागे आडवी मूठ. भांड्याचं झाकण धरल्यासारखं धरायचं. तुझ्या वहीत ही नाही.”

“आठवी मांडणी,” उल्हास म्हणाला आणि खिशातून वही काढली.

आठव्या मांडणीने तो पाच वेळा मेला. त्या मंडळात मेलेल्या माणसाने मोकळेपणाने पडायचे असते. ड्वेनच्या गवतात पिवळी रानफुले माजली होती, आणि पाचव्या मरणानंतर उल्हासच्या पाठीवर त्यांची नक्षी उमटली होती. मग ड्वेनचा फोन वाजला. तो आत गेला. उल्हासने ढाल-तलवार गवतात टाकली, शिरस्त्राण काढून लिंबाचे सरबत प्यायले, वहीत ‘मनगट थकते’ असे लिहिले. ड्वेन परत आला, उल्हासने पुन्हा शिरस्त्राण चढवले, वाकून दोन्ही वस्तू उचलल्या आणि दोघे समोरासमोर उभे राहिले.

पहिला घाव ड्वेनच्या शिरस्त्राणावर वाजला.

“छान,” ड्वेन म्हणाला. तो शिष्टाचाराचा माणूस होता. गुडघे वाकवून तो रीतसर मेला, उठला.

दुसरा घाव त्याच्या उजव्या मांडीवर बसला. तिसरा पुन्हा डोक्यावर, आणि तो इतका अलगद आणि वेळेवर आला, की ड्वेन पडायचे विसरला. त्याने तोंडावरची झडप वर केली.

“उल, तू काय केलंस?”

उल्हासला धाप लागली होती आणि कानात घंटा वाजत होत्या, पण असा प्रश्न तो सोडणाऱ्यातला नव्हता. त्याने सांगितले. मूठ ढालीच्या गुरुत्वमध्यावर असल्याने भार मनगटाच्या सरळ रेषेत येतो. पट्ट्याच्या मांडणीत कोपर हा टेकू बनतो, इथे तो मोकळा राहतो. परिणामी खांद्याची हालचाल, जी आतापर्यंत अडलेली होती, तिला वाट मिळते. मनगट थकते हे खरे, परंतु त्याची भरपाई होते. ड्वेन मान डोलावत ऐकत होता. खरेदी विभागात त्याने असे पुष्कळ ऐकले होते.

“बाबा,” बर्फाच्या पेटीवरून आवाज आला. रुपालीने पान उलटता उलटता म्हटले, “यू स्विच्ड हँड्स.”

उल्हासने खाली पाहिले. ढाल उजव्या हातात होती. तलवार डाव्या हातात होती. तो बराच वेळ त्या दोन हातांकडे पाहत राहिला, जणू ते कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिले होते.

“चुकून झालं,” तो म्हणाला आणि बदलू लागला.

“बदलू नकोस,” ड्वेन म्हणाला. “देवाशपथ, तसाच राहा.”

त्यानंतरचा तास कसा गेला हे दोघांपैकी कुणालाही नीट सांगता आले नसते. ते अठरा वेळा लढले. उल्हासचा डावा हात जिथे जायचा तिथे आधीच गेलेला असे. तिथे पोहोचल्यावर उल्हासला कळे. ड्वेनची ढाल डावीकडे, आणि घाव येतोय उजवीकडून, उघड्या बाजूने. ड्वेनला हसू आवरेना. तो कधी गुडघ्यावर, कधी लांबच लांब, एकदा तर सरबताच्या भांड्यासकट मेला. कुंपणापलीकडचे म्हातारे शेजारी गवत कापायचे यंत्र बंद करून बघत उभे राहिले. उल्हास उड्या मारत होता. चव्वेचाळीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला, गालिच्यात शिवलेला उल्हास देवस्थळी एका पायावर गिरकी घेत होता, आणि रुपालीने पुस्तक केव्हाच मिटले होते.

“तू डावखुरा आहेस,” शेवटी गवतात पडल्या पडल्या ड्वेन म्हणाला.

“नाही.”

“उल, मी आत्ता अकरा वेळा मेलो.”

“मी उजव्याने लिहितो. उजव्याने जेवतो.”

“ते मला माहीत नाही. पण सहा महिने मी भलत्याच माणसाशी लढत होतो.” तो उठून बसला आणि एकदम गंभीर झाला. “एक ऐक. फॉर्ममध्ये तलवारीचा हात कुठला ते लिहावं लागतं. तो सकाळी नऊपर्यंत बदलता येतो. पण ढाल स्वतःची लागते, ही माझी चालायची नाही, आणि तुझ्या ढालीचे पट्टे डाव्या हाताचे आहेत. आता खरं सांगतो. उजव्याने लढलास तर कदाचित उद्या पास होशील. मार्चपेक्षा बरा झाला आहेस. डाव्याने तू चांगला लढतोस, पण एकच दुपार लढला आहेस. नवीन हात, बदललेले पट्टे, दोन पंच. पडलास तर वर्ष गेलं.”

घरी सुनेत्रा ओट्याशी कणीक मळत होती. उल्हास तसाच, पाठीवर रानफुले घेऊन, खुर्चीत बसला.

“ड्वेन म्हणतो मी डावखुरा आहे.”

“बरं मग?”

“बरं मग म्हणजे?”

सुनेत्राने मागे वळून पाहिले. “अहो, बरणीचं झाकण कुठल्या हाताने उघडता? पत्ते कुठल्या हाताने वाटता? गाडीच्या काचेवरचं बर्फ कुठल्या हाताने खरवडता?”

“कुठल्या?”

“एकोणीस वर्षं पलंगावर तुमच्या उजव्या बाजूला झोपते आहे मी, कारण दुसऱ्या बाजूला तुमचा कोपर लागतो. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“दात कुठल्या हाताने घासता ते तरी आठवतंय का?”

उल्हासला आठवेना. तो उठला, जिना चढून न्हाणीघरात गेला, ब्रश उचलला, आरशात पाहिले आणि पुन्हा खाली आला.

“डाव्या,” तो म्हणाला.

रुपाली हसत हसत फ्रिजला टेकली. सुनेत्राचे हात कणकेत होते, तिला डोळे पुसता येईनात. उल्हासही हसला, हसता हसता मात्र त्याला सांगलीचे स्वयंपाकघर आठवले. आत्या त्याला पाटावर बसवायची आणि जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी त्याच्या डाव्या मनगटाला बांधून तिचे दुसरे टोक पाटाच्या पायाला अडकवायची. यात राग नव्हता. पंक्तीत पोराला कुणी बोल लावू नये, एवढेच तिच्या मनात होते. मऊ चिंधी असायची. घट्टही नसायची, सुरगाठ असायची, ओढली असती तर सुटली असती. त्याने ती कधी ओढली नाही. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चिंधीची गरज उरली नाही, आणि पुढे तर ती होती याचाही विसर पडला. आत्या आता एक्क्याऐंशी वर्षांची होती. दर दिवाळीला त्याला पत्र लिहायची आणि शेवटी न चुकता ‘वेळेवर जेव’ असे लिहायची.

“मग उद्या कुठला हात?” सुनेत्राने विचारले.

“चाचणीच्या आदल्या दिवशी यंत्रात बदल करायचा नाही,” उल्हास म्हणाला. हे वाक्य कारखान्यात त्याच्या नावावर होते. वीस वर्षांत त्याने ते स्वतः कधी मोडले नव्हते, आणि ज्यांनी मोडले त्यांची यंत्रे कशी बंद पडली हे तो नव्या माणसांना तारीखवार सांगत असे. “सात मांडण्या तपासून ही ठरवली आहे.”

“सातही डाव्या हातावर.”

“हो.”

“म्हणजे आपण सहा महिने कुलूप बदलत होतो आणि दार दुसऱ्याच भिंतीत होतं,” सुनेत्रा म्हणाली आणि पोळ्या लाटू लागली. उल्हासने जेवताना दोनदा डाव्या हाताकडे पाहिले. तो ताटाशेजारी शहाण्यासारखा बसून होता.

रविवारी सहाला दहा कमी असताना गजर वाजला. उल्हासने दात घासले, आणि आज ते कुठल्या हाताने घासतो आहोत याकडे लक्ष गेल्यामुळे त्याला दोन मिनिटांऐवजी चार लागली. आधण ठेवले नाही. तो थेट गराजमध्ये गेला.

ढालीचा नकाशा त्याने हिवाळ्यात ट्रेसिंग पेपरवर काढला होता. मधली रेषा, कोपराच्या पट्ट्याची दोन भोके, मुठीची दोन, प्रत्येकाचे अंतर. तो कागद त्याने उचलला आणि गराजच्या खिडकीच्या काचेवर धरला. बाहेर उजाडत होते. मग त्याने कागद उलटा केला. रेषा तशाच दिसत राहिल्या. डाव्या हाताची ढाल उजव्या हाताची झाली. एवढेच करायचे होते. त्यासाठी सात मांडण्या लागल्या नव्हत्या, एक कागद उलटावा लागला होता. त्याला पुन्हा हसू फुटले, पण घर झोपले होते, म्हणून त्याने ते दातांखाली दाबले.

उलटा कागद ढालीच्या मधल्या रेषेवर चिकटवून त्याने पेन्सिल डाव्या हातात घेतली. चार खुणा. त्या जरा थरथरल्या, पण जागेवर पडल्या. पान्याने जुने चार बोल्ट सोडवले. चामड्यावर त्याच्या डाव्या हाताची ठेवण उमटली होती. कोपराजवळ एक गोल, मुठीवर चार बोटे. त्याने पट्टे फडक्याने पुसले. नव्या जागी ड्रिल लावले, मागे लाकडाचा ठोकळा धरला म्हणजे प्लायवुड फाटू नये, आणि सावकाश एकामागून एक भोके पाडली. फोम, रबर, बोल्ट, मोठे वॉशर. जुन्या चार भोकांत त्याने लांबी भरली, पट्टीने सपाट केली आणि वर बोट फिरवले.

मग ढाल उजव्या हातावर चढवली. कोपर जाऊन बसला. वरचा कोपरा नाकापुढे आला. डावा हात मोकळा होता.

सहा वीसला सुनेत्रा चहाचे दोन कप घेऊन दारात आली. तिने आधी लांबी भरलेली चार ओली वर्तुळे पाहिली, मग खाली पडलेला भुसा, मग त्याच्या हातावरची ढाल. चहा तिने लेथच्या बाकावर ठेवला.

“टाकी?” तिने विचारले.

“टाकीला अजून सांगितलं नाही.”

“नकाच सांगू,” ती म्हणाली. “रुपालीला उठवते. गाडी ती चालवणार म्हणते आहे, म्हणजे लवकर निघायला हवं.”

ती गेल्यावर उल्हासने ढाल काढून भिंतीशी टेकवली आणि डायरीतून घडी केलेला फॉर्म बाहेर काढला. नाव, वय, वजन, ढालीचा प्रकार. त्याखालच्या ओळीत त्याच्याच अक्षरात ‘उजवा’ असे लिहिलेले होते, नोव्हेंबरात, अगदी प्रामाणिकपणे. पट्टी लावून त्याने तो शब्द खोडला आणि शेजारी ‘डावा’ असे लिहिले. शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. मग फॉर्मची पुन्हा घडी घातली, ती शर्टाच्या खिशात ठेवली, आणि गार होत चाललेला चहा उभ्यानेच पिऊन ढाल गाडीत ठेवायला गेला.